शमशोनचा चौथा पाय

नवे पाळक आल्यापासून बेथेलवाडीतली माणसं रविवारला घाबरू लागली होती, आणि सगळ्यांत जास्त घाबरला होता रंगनाथ टांगेवाला. बाकीच्यांना नुसती भीती वाटत होती. रंगनाथला आपण कोणत्या रविवारी मरणार तेही ठाऊक होतं.

बेथेलवाडी म्हणजे नाशिकहून गंगापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतची पस्तीस-चाळीस ख्रिस्ती घरं आणि एक कौलारू चर्च. वाडीत त्याला देऊळच म्हणत. जुन्या पाळकांनी त्या देवळात वीस-बावीस वर्षं उपदेश केला आणि तेवढ्या काळात हरवलेल्या मेंढराखेरीज दुसरा विषय म्हणून घेतला नाही. मेंढरू हरवायचं, मेंढपाळ शोधायला निघायचा, तोवर पुरुषांच्या बाजूला निम्मी मंडळी घोरायला लागायची. कधीकधी मेंढरू सापडायच्या आत पाळकसाहेबांनाच डुलकी लागायची. मग पंच सावळीराम सुतार उठून मोठ्यानं ‘आमेन’ म्हणायचा आणि मेंढरू रानातच सोडून सगळे जेवायला घरी जायचे. त्यात कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मेंढराचं काय झालं असेल ते असो.

जुने पाळक म्हातारपणी लेकाकडे राहायला गेले आणि नगरकडून यिर्मया साबळे नावाचे नवे पाळक येणार असं ठरलं. स्वागताच्या जेवणाची बैठक भरली. खंडेराव बागवाल्यानं उठून सांगितलं, “पेठचा तांदूळ. एक पोतं. माझ्याकडून.” आणि तो असा बसला की बाक करकरला. खंडेरावची पेरूची बाग होती, देवळात पुढचा बाक होता, आणि रंगनाथ त्याच्या मागच्या बाकावर बसून गेली कित्येक वर्षं त्याची मान बघत आला होता. त्या मानेकडे बघताबघताच रंगनाथ उठला आणि म्हणाला, “माझा शमशोन. सगळा. शिंगापासून शेपटापर्यंत.”

शमशोन हा रंगनाथचा बोकड. त्याच्या अंगात एवढी ताकद होती की एकदा त्यानं खुंटा उपटून टांग्याच्या घोड्याला धडक दिली होती आणि घोडा दोन दिवस जेवला नव्हता. बैठकीतल्या सगळ्या माना रंगनाथकडे वळल्या. मग सावळीरामनं तिथल्या तिथे रंगनाथला पंच करायची सूचना मांडली, आणि ज्यांना बोकड आवडतो त्या सगळ्यांनी हात वर केले. रंगनाथला पुढचा बाक मिळाला.

आता वाडीची एक रीत होती. मंडळीत जे बोललं ते देवापुढे आणून ठेवताना पंचांनी सगळ्यांच्या देखत विचारायचं, “सगळं दिलंस?” आणि देणाऱ्यानं म्हणायचं, “सगळं दिलं.” लाल भोपळा असला तरी विचारायचं, कोंबडी असली तरी विचारायचं. उत्तर कधी कुणी ऐकून घेतलं नव्हतं, पण विचारल्याशिवाय कोंबडी आत घेत नसत.

शमशोनला कापायला जमील खाटीक आला. कातडं सोलताना तो म्हणाला, “रंगनाथभाई, भाभी मुदतीच्या तापातून उठलीय ना? पुढचा एक पाय घरी ठेव. रस्सा पाज तिला. चार दिवसांत पाणी भरायला जाईल बघ.”

“अरे, सगळा बोललोय मी.”

“तुझाच बोकड, तुझीच बायको. देवाला काय, तीन पाय पुरेना?”

रंगनाथला हे अगदी पटलं. त्यानं एक पाय गोणपाटात गुंडाळून टांग्याच्या बैठकीखाली सरकवला. मंडळीला सांगितलं असतं तर मंडळीनं आनंदानं दोन दिले असते. पण सांगायचं म्हणजे ‘शेपटापर्यंत’ हा शब्द परत घ्यायचा, तोही खंडेरावच्या पोत्यासमोर. देवळाच्या पायरीवर सावळीरामनं विचारलं, “सगळं दिलंस?” रंगनाथ म्हणाला, “सगळं दिलं.” त्याच्या पाठीमागे टांगा उभा होता आणि गोणपाटाभोवती माश्या घोंघावत होत्या.

जेवण उत्तम झालं. फक्त खंडेराव वाढणाऱ्याला दोनदा म्हणाला, “नळी कशी येईना रे माझ्याकडे? बोकडाला पाय होते ना?” सगळे हसले. रंगनाथ सगळ्यांत मोठ्यानं हसला.

जेवण संपल्यावर नवे पाळक उठले. बारीक अंगाचे, जाड चष्म्याचे, इतक्या हळू बोलणारे की ऐकायला श्वास धरावा लागे. ते म्हणाले, “आपण नव्या करारातली प्रेषितांची कृत्यं घेऊ. दर रविवारी एक अध्याय. शास्त्रात जे जसं आहे ते तसं वाचायचं, काही गाळायचं नाही. आणि वाचून झालं की मी नाव घेऊन प्रश्न विचारीन. पुरुषांनाही, बायकांनाही.”

बायकांच्या बाजूला कुणाच्या तरी हातातलं ताट पडलं.

पुढचे रविवार वाडीला जड गेले. पहिल्या अध्यायात येशूला धरून देणाऱ्या यहूदाचं पोट फुटलं आणि पोरं दोन दिवस जेवायला तयार होईनात. दुसऱ्यात लोक प्रेषितांना बघून म्हणाले, हे दारू प्यालेत, आणि नेमक्या त्याच वेळी पाळकांची नजर चंदर गवंड्यावर गेली. चंदर दारातून निसटला तो सोमवारी सापडला. तिसऱ्यात लंगडा उठून चालू लागला. बायडाबाई गुडघ्याचं निमित्त करून पाच वर्षं देऊळ झाडायचं चुकवत आली होती. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती झाडू घेऊन हजर झाली, आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाली, “बरं वाटतंय.”

पाळकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते फक्त पान उलटत होते. पण वाडीत कुजबुज सुरू झाली की या पाळकांच्या पुस्तकात आपली नावं आहेत आणि ती ओळीनं येणार आहेत.

रंगनाथनं ठरवलं, पुढचं वाचून ठेवावं. भर दुपारी रामकुंडाजवळच्या टांगास्टँडवर, गिऱ्हाइकाची वाट बघत, त्यानं बैठकीवर बसून पाचवा अध्याय उघडला. हनन्या नावाचा माणूस. त्याची बायको सप्पीरा. त्यांनी आपली जमीन विकून देवाला दिली, पण बायकोच्या संमतीनं थोडा भाग मागे ठेवला आणि सगळं दिलं म्हणून सांगितलं. प्रेषित पेत्र म्हणाला, ते तुझंच होतं ना? मग खोटं कशाला? हे शब्द ऐकताच हनन्या खाली पडला आणि मेला. तरुणांनी उठून त्याला गुंडाळलं, बाहेर नेलं आणि पुरलं. मग बायको आली. तिला नवऱ्याचं काही ठाऊक नव्हतं. तिलाही विचारलं. तीही खोटं बोलली. तीही मेली.

“ओ टांगेवाले, नाशिकरोड?” एक यात्रेकरू तिसऱ्यांदा विचारत होता.

रंगनाथनं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “बायको पण.”

यात्रेकरू दुसऱ्या टांग्यात बसला.

त्या दिवसापासून रंगनाथ पाचव्या रविवारापर्यंतचे दिवस मोजू लागला. आपण मरायचं हे त्याला एक वेळ झेपलं असतं. नाशिकरोडच्या रस्त्यावर नवी मोटर धावायला लागल्यापासून टांग्याच्या धंद्यात तसंही काही राम उरला नव्हता. पण चिमणाबाई? ती आत्ता कुठे तापातून उठली होती. गालावर जरा रंग आला होता, आणि तो रंग त्याच पायाच्या रश्श्यानं आला होता.

त्यानं तिला सगळं वाचून दाखवलं. ती चुलीपुढे भाकरी थापत ऐकत होती.

“मग?” ती म्हणाली.

“मग काय? पाळक विचारतील तुला. खरं सांग. पाय ठेवला म्हणून सांग.”

“भर मंडळीत नवऱ्याला खोटं पाडू? त्या खंडेरावच्या बायकोसमोर? तुम्ही सगळं दिलं म्हणालात ना? मग मीही तेच म्हणणार.”

“मरशील!”

“मरेन. लोकांत मान खाली घालून चालण्यापेक्षा बरं.” तिनं भाकरी तव्यावर टाकली. “आणि तुम्ही का नाही सांगत? बोकड तुमचा, जीभ तुमची.”

“चार दिवस माहेरी जाऊन ये चांदवडला. आई आठवण काढत असेल.”

“आईला जाऊन सहा वर्षं झाली.”

“म्हणूनच,” रंगनाथ म्हणाला, पण त्याला स्वतःलाच ते फारसं पटलं नाही.

जीभ त्याची होती हे खरं. तो पाळकांच्या घरी गेलाही, सांगून टाकायचं असं ठरवून. पण ओट्यावर पाळकांशेजारी खंडेराव पेरू खात बसला होता. रंगनाथच्या तोंडातलं वाक्य जागच्या जागी फिरलं.

“पाळकसाहेब, सलाम. एक विनंती होती. पाचवा अध्याय जरा ओलांडता आला तर?”

“का बरं?”

“सरळ सहावा घ्यावा. सहाव्यात विधवांच्या जेवणाची व्यवस्था आहे. आपल्याकडे विधवा पुष्कळ आहेत.”

पाळकांनी चष्मा काढून पुसला. “रंगनाथ, नाशिकरोडहून पंचवटीला येताना मधला रस्ता गाळून येता येतं का तुम्हाला?”

“नाही साहेब.”

“तसंच आहे हे.”

खंडेरावनं पेरूचं बी थुंकलं. “असं आहे तरी काय पाचव्यात?”

“काही नाही,” रंगनाथ म्हणाला. “दोन माणसं आहेत.”

“मग?”

“मग नाहीत.”

तिथून तो सावळीरामच्या कारखान्यात गेला. सावळीराम वाडीच्या खाटाही करायचा आणि मयताच्या पेट्याही.

“दादा, पेटी करायला किती वेळ लागतो?”

“फळ्या असल्या तर दिवसभर. कोण गेलं?”

“अजून कुणी नाही.”

“आजारी कोण आहे?”

“तसं कुणी नाही.”

“मग माप कुणाचं घेऊ?”

रंगनाथ भिंतीला पाठ लावून सरळ उभा राहिला. सावळीरामनं त्याच्याकडे पाहिलं, पण इतक्या वर्षांच्या सवयीनं कानावरची पेन्सिल काढून डोक्यावर खूण केलीच. “चेष्टा करतोस का म्हाताऱ्याची?”

“आणि एक दुसरी,” रंगनाथ म्हणाला. “माझ्या खांद्याएवढी.” त्यानं खांद्याशी हात धरून दाखवला. वाडीत एवढ्या उंचीची एकच बाई होती, आणि ती या खांद्याखाली झोपायची. त्याला तो हात तिथे धरून ठेवता येईना. सावळीरामनं पेन्सिल परत कानावर ठेवली आणि काही न विचारता त्याला पाणी दिलं.

पाचवा रविवार आला. चिमणाबाई आतल्या खोलीत केस विंचरत होती. रंगनाथनं टांगा जुंपला, हळूच दार ओढलं आणि बाहेरून कुलूप घातलं. सप्पीरा देवळात आलीच नाही तर तिला विचारणार कोण? आयुष्यात पहिल्यांदाच त्याला काही शहाणपणाचं सुचलं होतं आणि मरायच्या दिवशी सुचलं होतं. किल्ली खिशात टाकून त्यानं घोडा हाकला. मागून दार वाजायला लागलं तेव्हा त्यानं मागे पाहिलं नाही.

देवळात तो पुढच्या बाकावर बसला. पाळक वाचू लागले तेव्हा पाठीवरून घामाचा एक थेंब खाली उतरत गेला तो त्याला मणक्यागणिक कळत होता. त्यानं एकदाच मागे वळून पाहिलं. दाराशी वाळू आणि मंगळू बसले होते. दोघंही तालमीतले, बैलासारख्या खांद्यांचे. शास्त्रात सांगितले होते तसेच तरुण, आणि बाहेर न्यायला दाराजवळच. वाळूनं बाह्या वर सारल्या होत्या. उकाडा होता म्हणून असेल.

अध्यायात हनन्या पडला, मग सप्पीरा पडली. पाळकांनी पुस्तक मिटलं.

“आता मला सांगा,” पाळक त्यांच्या हळू आवाजात म्हणाले, “हनन्याचं पाप कोणतं? थोडं मागे ठेवलं, हे?” त्यांची नजर बाकांवरून फिरली आणि थांबली. “रंगनाथ, तुम्ही अध्याय आधीच वाचला होता. तुम्ही सांगा.”

रंगनाथ उठला. जीभ त्याची नव्हती, म्हणूनच बहुतेक तिनं बरोबर उत्तर दिलं.

“नाही साहेब. मागे ठेवायला हरकत नव्हती. विचारल्यावर ‘सगळं दिलं’ म्हणाला, हे.”

“शाबास!” पाळक म्हणाले.

आणि रंगनाथ पडला.

त्यानं डोळे उघडले तेव्हा समोर घोड्याचं शेपूट होतं. स्वर्गात घोडे असतील अशी त्याला आशा होती, पण त्यांची आधी ही बाजू दिसेल असं वाटलं नव्हतं. मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याला सतरंजीत गुंडाळून आपल्याच टांग्यात ठेवलंय.

चाकाशी वाळू आणि मंगळू कुजबुजत होते.

“पुढं काय लिहिलंय?”

“पुरायचं लिहिलंय.”

“आत्ता लगेच? डॉक्टरला नाही दाखवायचं?”

“डॉक्टरचं काही लिहिलेलं नाही.”

“कुदळ कुणाकडे आहे पण?”

रंगनाथला ओरडायचं होतं, पण घशातून आवाज निघेना. हा मेलेल्या माणसाचाच घसा असावा असं त्याला मनापासून वाटलं. देवळातून गलका येत होता. कुणीतरी रडत सांगत होतं की हंगामाच्या सणाला दिलेली कोंबडी शेजाऱ्याची होती. खंडेराव ओरडत होता, “तांदूळ कणीचा होता! वरचा थर तेवढा चांगला होता! मी आपणहून सांगतोय, कुणी विचारलेलं नाही!” आणि मग तोच एकदम थांबला. “नळ्या!” तो म्हणाला. “अरे, बोकडाच्या नळ्या!”

तेवढ्यात टांग्याजवळून झपाझपा पावलं गेली. रंगनाथनं मान वळवली. चिमणाबाई होती. केसांत कोळिष्टकं, कोपराला खरचटलेलं, पदराला कौलाची लाल माती. छपरावरची कौलं काढून ती बाहेर पडली होती. उशिरा आली होती. नवऱ्याचं काय झालं ते तिला ठाऊक नव्हतं. ती बायकांच्या दारानं आत गेली आणि गलका कापल्यासारखा तुटला.

सगळं अगदी लिहिल्याप्रमाणे चाललं होतं.

रंगनाथ सतरंजीतच उठला आणि टांग्यातून खाली कोसळला. वाळूनं त्याच्याकडे पाहिलं, मंगळूनं वाळूकडे पाहिलं, आणि दोघं गंगापूरच्या दिशेनं पळत सुटले. सतरंजी पायांत गुंडाळलेली. रंगनाथ कोपरांवर सरपटत खिडकीखाली पोचला. आतून खंडेरावचा आवाज आला, रडवेला.

“चिमणावहिनी, बोकड... बोकड सगळा होता का हो?”

“बाई, खोटं बोलू नको गं!” बायडाबाई किंचाळली. “जपून बोल!”

“मला कुणी सांगेल का,” पाळकांचा आवाज कापत होता, “कोणता बोकड?” त्यांनी आजवर शेकडो उपदेश केले होते, त्यांतला एकही कुणाला लागला नव्हता.

रंगनाथनं खिडकीची चौकट धरली. ‘मी ठेवला!’ एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं, पण आतून नुसती हवा आली. गजांतून त्याला ती दिसत होती: लहानशी, ताठ, सगळ्या मंडळीच्या मधोमध. ती खंडेरावच्या बायकोकडे बघत होती. रंगनाथला ती हनुवटी माहीत होती. ती अशी वर गेली की चिमणाबाई कुणाचं ऐकत नसे. तिनं पदर खोचला. रंगनाथनं डोळे मिटले आणि ती पडल्याचा आवाज यायची वाट पाहिली.

“नव्हता,” चिमणाबाई म्हणाली. “एक पाय घरी ठेवला होता. यांनी आणला, मी शिजवला. रस्सा मी प्याले. नळी यांनी चोखली.”

कुणी हललं नाही. सगळ्यांनी वर छताकडे पाहिलं. सावळीराम दोन्ही हात पुढे करून उभा होता, ती पडलीच तर झेलायला. चिमणाबाई उभीच राहिली. मग तिनं विचारलं, “हे कुठं आहेत?”

“इथं!” रंगनाथचा आवाज फुटला. खिडकीत त्याचं धुळीनं भरलेलं डोकं वर आलं, आणि मेलेला माणूस बोललेला बघून पुरुषांची अख्खी बाजू बायकांच्या दारानं बाहेर पडली. पाळक तेवढे मागे राहिले. ते व्यासपीठाच्या पायरीवर मटकन खाली बसले, चष्मा हातात, ओठ पांढरे. रंगनाथकडे बघून ते म्हणाले, “देवाच्या कृपेनं जिवंत आहात. मला वाटलं, मीच मारलं तुम्हाला.” आणि त्यांना हुंदका फुटला.

परतताना चिमणाबाई टांग्यात मागे बसली होती. पुढचा बाक गेला, पंचाचं पद गेलं. रंगनाथला त्यातलं काही आठवतही नव्हतं. घोडा चालत होता आणि तो दर चार पावलांनी मागे वळून बघत होता.

“खरं बोललीस,” तो शेवटी म्हणाला.

“बोलणार नव्हते. सगळा दिला म्हणूनच सांगायचं ठरवलं होतं. पण तुम्ही कुलूप घातलंत.” तिचा आवाज अजून तापलेला होता. “बायकोला कोंडून घालता? छपरावर चढताना म्हटलं, आता बघतेच. आता नळीसकट सांगते.”

रंगनाथच्या हातातला लगाम सैल पडला. “म्हणजे कुलूप घातलं नसतं तर...”

“तर काय! खोटं बोलले असते.”

उन्हात त्याला थंडी वाजून आली. त्यानं पुन्हा मागे पाहिलं. ती बसलेली होती, केसांतली कोळिष्टकं काढत, श्वास घेत.

“पुढे बघा,” ती म्हणाली. “मला काय होतंय?”

त्यानं पुढे बघितलं. पण एक हात मागे नेऊन तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं, आणि घर येईपर्यंत घोडा एकाच हातानं हाकला.